पायांना ऐकू आलेले बेअरिंग

मी, अलकनंदा विश्वनाथ टिपणीस, वय वर्षे ४९, व्यवसाय डिझेल जनरेटरची दुरुस्ती व देखभाल, राहणार नोएडा, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. माझी प्रकृती ठणठणीत आहे, बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझे पती विश्वनाथ विधी मंत्रालयात आहेत, म्हणून हे वाक्य घालावे लागले. खरे सांगायचे तर कालपासून मला इतका आनंद झाला आहे की त्याचा थोडा दबाव धरायला हरकत नाही.

मागच्या वर्षीचे मृत्युपत्र मी रद्द करते. माझ्या पश्चात वर्कशॉप विकावे, असे त्यात लिहिले होते. ते लिहिल्यावर मला जेवण गेले नव्हते. पण ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याच्या गळ्यात वर्कशॉप बांधणे हा त्याच्यावर अन्याय आणि इंजिनांवरही. ऐकणारे घरात कोणी नाही, असे मी धरून चालले होते.

कलम १. राहता फ्लॅट विश्वनाथ यांचा, त्यांच्यामागे आमचा मुलगा अर्णव याचा. बँकेतल्या ठेवी विश्वनाथ यांना. त्यांनी त्या जपून ठेवू नयेत, हिमालय बघून यावा. सगळा जन्म दिल्लीकडे काढून आम्ही मसुरीच्या पुढे गेलेलो नाही.

कलम २. धाकटे दीर उन्मेषभावोजी यांना ग्रीसचा एक नवा, सीलबंद डबा द्यावा. मी नोकरी सोडून वर्कशॉप काढले तेव्हा सगळ्यांच्या पंगतीत ते म्हणाले होते, "आता पोळीला तुपाऐवजी ग्रीस." लोक हसले. मीही हसले, कारण वाढायचे होते. भावोजींनी डबा उघडावा आणि वास घ्यावा. तो वास वाईट नसतो.

कलम ३. हत्यारे वर्कशॉपबरोबर जातील. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर मात्र नावाने नोंदवते. त्याचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की इंजिन डोक्याच्या आत बोलते.

मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले आणि नोएडात कपड्यांच्या एका कारखान्यात टायपिस्ट झाले. तेव्हा इथे रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि रोज वीज जात होती. जनरेटर माझ्या खिडकीखाली होता. एकदा मी साहेबांना सांगितले की खालचा आवाज बदलला आहे. ते म्हणाले, "आप टाइपिंग पर ध्यान दीजिए." त्याच आठवड्यात कनेक्टिंग रॉड इंजिन फोडून बाहेर आला. त्यानंतर टाइपिंगवर माझे लक्ष राहिले नाही.

पुढे ज्याला उपयोग होईल त्याच्यासाठी लिहिते. वरच्या अंगाला टिकटिक, कपावर चमचा वाजल्यासारखी, तर झडपा हलवणारे टॅपेट, सवडीने बघावे. कडक ठकठक, विजेचा लोड काढला की वाढणारी, तर रॉडचे बेअरिंग. एकेका सिलिंडरचे डिझेल तोडत जावे. जिथे ठकठक दबेल तिथलेच ते. पण लोड घेताना खालून, पोटातून जड धपधप आली, खालच्या मजल्यावर कोणी उखळात कांडत असल्यासारखी, तर क्रँकशाफ्ट पेलणारे मेन बेअरिंग. तिथे विचार करू नये, इंजिन बंद करावे. नाहीतर क्रँकशाफ्ट जाते, आणि मग इंजिनात राहिले काय? इकडचे मेकॅनिक म्हणतात "बेअरिंग बोल गया", म्हणजे संपले. मला हे पटत नाही. बोलते आहे तोवर ते सांगत असते.

कलम ४. वर्कशॉप, त्याची जागा, हत्यारे आणि नाव माझी सून कादंबरी अर्णव टिपणीस हिला, एकटीला. ते चालवावे, विकू नये, अशी माझी इच्छा आहे.

याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण वाचणारे चकित होतील. अर्णवने जागेसाठी बिल्डर बघून ठेवला होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला गाडीचा पंक्चर झालेला टायरही ऐकू येत नाही. कादंबरी कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते, तिथे तिचे नाव कॅरल आहे, आणि माझ्या इंजिनांना ती डबे म्हणते. आमचे दोघींचे बरे होते, पण गोड नव्हते.

काल सकाळी पलीकडच्या सोसायटीच्या गार्डचा फोन आला: वीज गेली आहे, जनरेटरचा सेट आवाज करतो आहे. मी नेहमीप्रमाणे फोन इंजिनाजवळ धरायला सांगितला. टिकटिक ऐकली. टॅपेट आहे, चालू द्या, दुपारी येते, असे सांगितले. फोनवर ऐकून निदान करते म्हणून सेक्टरभर माझे नाव आहे.

त्याच वेळी कादंबरीची कॅब एका मैत्रिणीला सोडायला तिथे थांबली होती. रात्रपाळी संपवून आलेली, उंच टाचांच्या सँडल हातात घेतलेल्या, कादंबरी तिथेच उतरून सेटच्या ओट्याशेजारून घराकडे चालली आणि थबकली. मग तिने सरळ जाऊन लाल बटण दाबले. लिफ्ट अडकली. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते, दह्याच्या भांड्यासकट. दोन मजल्यांमधून ते ओरडत होते, कोणी बंद केले म्हणून. कादंबरी वर बघून म्हणाली, "मैंने. मॅडम की बहू हूँ." गार्डने मग बटणाला हात लावला नाही.

तिने मला फोन केला. "आई, सेट मी बंद केलाय. रागवा, पण नंतर."

"अगं, टॅपेट आहे तो. चालू कर."

"नाही करणार. तुमच्या फोनमध्ये जे येत नाहीये, ते माझ्या पायात येतंय."

मी स्कूटर काढली. तेलाच्या दाबाचा काटा कधीपासून अडकला होता कोण जाणे. तेल बोटांत चोळले तर त्यात चमचम होती. खालचे झाकण काढले, मधल्या मेन बेअरिंगचा पांढरा धातू निघून तांबे दिसत होते. क्रँकशाफ्ट जेमतेम वाचले होते. मी तिथेच, तेलकट हातांनी, तिला मिठी मारली. तिचा ऑफिसचा कुर्ता गेला.

तुला कसे कळले, म्हणून विचारले. म्हणाली, "दोन वर्षं दिवसा झोपायचा प्रयत्न करतेय यार, या जनरेटरांच्या मध्ये. पलंगातून सगळे येतात. कुणाचं पोट बिघडलंय ते कळतं." आणि फोनचे म्हणाल तर तो जाड आवाज गाळून टाकतो, हे तिला रोजच्या कामातून ठाऊक होते. ती मला सांगणार होती. मी विचारले नव्हते.

कलम ५. हे कलम मघाशी नव्हते. वरचे लिहून झाले तेव्हा कादंबरी साक्षीदार म्हणून सही करायला पेन घेऊन आली. मी म्हटले, तू नको. तिचा चेहरा उतरला. "का? मी घरची नाही?" विश्वनाथ म्हणाले, "ज्याला मिळतं त्यानं साक्ष करू नये, पुढे कटकट होते. कलम चार वाच." तिने उभ्याने वाचले, मग बसून पुन्हा वाचले. अर्णवने दारातून विचारले, काय झाले. मी त्याला आत येऊन बसायला सांगितले.

शेवटी ती म्हणाली, "घेईन. पण माझी एक अट घाला."

तिची अट तिच्याच शब्दांत: "फोनवर निदान करायचं नाही. माणसानं जायचं, चप्पल काढायची आणि उभं राहायचं."

मला ही अट मान्य आहे. ती माझ्या मृत्यूची वाट न पाहता उद्या सकाळपासून लागू होईल.

वाचून, समजून, आमच्या दोघांच्या समक्ष अलकनंदाबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. दीनानाथ राजाध्यक्ष, शेजारी (सही)
२. डॉ. सुनीती दीनानाथ राजाध्यक्ष (सही)

अलकनंदा विश्वनाथ टिपणीस (सही)
नोएडा, रविवार, १६ नोव्हेंबर २००३