देव नसलेल्या माणसाची शपथ

गुरुजी, काल मी खोलीवर मोबाइलमध्ये आपल्याकडच्या नव्या आमदारांचा शपथविधी लावला होता. इथे मोरबीला टाइलच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो, एका खोलीत पाचजण राहतो. एक आमदार ‘ईश्वरसाक्ष’ म्हणाला, पुढचा ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणाला. खोलीतल्या छत्तीसगडच्या पोराने विचारलं, ‘ये दूसरा क्या बोला?’ मी म्हटलं, देवाचं नाव न घेता शपथ घेतली. तो हसला. ‘भगवान का नाम ही नहीं? फिर इसकी कसम का क्या भरोसा, भाई?’ सगळेच हसले. मी ताट सरकवून बाहेर निघून गेलो. हेच वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलं होतं, आपल्या तलावाच्या पाळीवर. तेव्हा कोणी हसलं नव्हतं. गावाने माना डोलावल्या होत्या.

विलायतेतला तो जुना विचारवंत तुम्हीच आम्हाला सांगितला. नाव फळ्यावर लिहिलं होतं, ते मी विसरलो, बाकी काही विसरलो नाही. तो स्वतः पक्का देवाचा माणूस, असं तुम्ही म्हणाले, आणि म्हणूनच तो राजाला म्हणाला की तुझं काम जमिनीचं, जीवाचं, चोरापासून राखण्याचं. माणसाच्या आत्म्यात तू हात घालू नको. दांडक्याने आलेली भक्ती देवालाच नको असते. त्या बोलण्याने देशादेशांचे कायदे बदलले, आपल्या राज्यघटनेपर्यंत त्याचं पाणी आलं, असं तुम्ही सांगत होते आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आठवीचं पोरगं मी. मला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्या बाजूचा आहे.

आणि तुम्ही ते नुसतं शिकवलं नाही, करून दाखवलं, म्हणून तर जास्त राग येतो. तलावाचं तुडूम उघडून पाणी सोडायच्या आधी प्रत्येक घरच्या कर्त्याने पाळीवरच्या देवाच्या दगडावर हात ठेवायचा, ‘बांध तोडून दुसऱ्याचं पाणी फोडणार नाही’ म्हणायचं, मग पाणकर त्याचा नंबर लावणार. जंगलाकडच्या टोलीतले, त्या वेगळ्या वस्तीतले लोक म्हणाले, आमचा देव साजाच्या झाडात आहे, तुमच्या दगडाशी आमचं काय? गाव तापलं. तुम्ही मधे उभे राहिले आणि म्हणाले, ज्याने त्याने आपल्या देवाची घ्यावी. त्या दिवसापासून ते साजाचं पान हातात घेऊन शपथ घेतात. मी घरी येऊन बाबाला म्हटलं होतं, आपले गुरुजी पहा.

पुढच्या वर्षी बाबाने हात मागे घेतला. आदल्या हंगामात ज्याने दगडावर हात ठेवला त्यानेच आमच्या धानाच्या बांधीचं पाणी फोडलं होतं. बाबा सरळ बोलला, ‘हात ठेवणारेच फोडून राहिले, मग मी कायले ठेवू? मले देव-बिव काही दिसला नाही. फोडणार नाही म्हणलो, म्हणजे नाही फोडणार.’ पाणकर म्हणाला, ‘बुवा, झाडाची घे, गोट्याची घे, कशाची तरी घे ना!’ लोक हसले. मग सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला पक्कं माहीत होतं तुम्ही काय बोलणार. आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणाले, त्याच विचारवंताने हेही लिहून ठेवलं आहे की ज्याला देवच नाही त्याच्या शपथेला काही धरबंध नसतो, त्याला सूट देता येत नाही.

गुरुजी, हे वर्गात काऊन नाही सांगितलं? अर्धा माणूस शिकवला आणि उरलेला अर्धा माझ्या बापासाठी राखून ठेवला?

आमचा नंबर शेवटी गेला. शेवटी म्हणजे तलावाचं पाणी खाली बसल्यावर. तोवर दुसऱ्यांच्या नंबरचं पाणी नहरातून आमच्या बांधाला लागून वाहत होतं, फावड्याच्या एका घावाचं काम, आणि बाबा बांधावर उकिडवा बसून ते जाताना पाहत होता. धान पोचट निघाला. त्या वर्षी मी शाळा सोडली. कापणीच्या वेळी तुम्ही आले, लोंब हातात घेऊन चुरली, म्हणाले, ‘अरे, पाणी तर इथूनच चाललं होतं. काऊन नाही फोडलं?’ बाबा म्हणाला, ‘नाही फोडणार म्हणलो होतो ना, गुरुजी.’ तुम्ही लोंब खाली ठेवली आणि सायकल हातात धरून चालत गेले.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. विलायतेतला माणूस चुकला होता, त्याची चूक आमच्या बांधीत वाळून उभी होती, आणि ती पाहणारे गावात तुम्ही एकटे शिकलेले. त्यानंतर किती तरी हंगाम आमचा नंबर शेवटीच राहिला आणि तुम्ही त्या पाळीवर पहिल्या रांगेत उभे राहिले. एकदा तरी म्हणायचं होतं, की याची शपथ मी पाहिली आहे. राज्यघटनेत देव न मानणाऱ्यासाठी दुसरं वाक्य ठेवलेलं आहे, हे मला भट्टीवरच्या पोरांसोबत मोबाइलवर पाहून कळावं? नागरिकशास्त्र तुम्हीच शिकवत होते. तुम्ही गेले तेव्हा गावभर फोटो लागला, त्याखाली ‘थोर विचारांचे’ लिहिलं होतं. मी आलो नाही. सुटी मिळत होती.

आता आई फोन करून राहिली. ‘बाबाचे गुडघे गेले. अवंदा तुले यावं लागते. हात ठेवजो, दोन शब्द बोलजो, नंबर वर येईल. देव काही तुले खाऊन नाही राहिला.’ मी विचारलं, बाबा काय म्हणते? ‘तो काय म्हणते? छताकडे पाहून राहते.’

मी जाणार आहे. हात दगडाला लावणार नाही, बोलणार मात्र मोठ्याने, की आमच्या घराने कोणाचं पाणी फोडलं नाही आणि फोडणार नाही. ठेवायचं तर विश्वास ठेवा. हे सगळ्यांना सांगून बसलो आहे. पण हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या दगडाचं मला काही वाटत नाही. भेव वाटते ते पाळीवरच्या माणसांचं, सगळे मिळून एकदम आपल्याकडे पाहतात त्याचं. त्या दिवशी चष्मा पुसताना तुम्हालाही तेच वाटलं असेल, असं आताशा मनात येते. मी ते येऊ देत नाही.