पिंजरेवाल्याचे हात

आबा, नारळाच्या शेंडीनं हात घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. खस्, खस्, खस्. मग तांब्यातून पाणी ओतल्याचा, आणि पुन्हा खस्, खस्. मुलुंडच्या डोंगराखालची आपली चाळ, मागच्या मोरीवर तुम्ही उकिडवे बसलेले, बाजूला पाणी तापवायच्या चुलीतली राख वाटीत काढून ठेवलेली, आणि उजेड नुकता कुठे कौलांवर आलेला. पिंजरा लावायचा असला की आठ दिवस आधीपासून तुमची बिडी बंद, साबण बंद, डोक्याला तेल बंद. ज्या जागी पिंजरा लागणार तिथलाच पाला आणि तिथलीच माती हाताला चोळायची. आई वैतागून म्हणायची, "माझो घोव आसा की पाचोळो?" तुम्ही हसायचात. तेव्हा त्या आवाजाची मला भीती वाटत नव्हती. ती नंतर वाटायला लागली.

तुम्ही वनखात्यात पिंजऱ्यावर होतात आणि मी भांडुपच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. तिशी आलेली, लग्नाला वर्ष झालेलं, आणि मुलांकडून कविता चालीवर म्हणवून घेणं एवढंच मनापासून येत असलेलं. तुम्ही मला 'मास्तरा' म्हणायचात, त्यात निम्मा अभिमान आणि निम्मी चेष्टा. दहिसरपासून ट्रॉम्बेपर्यंत कुठेही जनावर माणसांत शिरलं की तुम्हाला बोलावणं यायचं. ट्रॉम्बेच्या खारफुटीतल्या कोल्ह्यासाठी तुम्ही सुका बोंबील लावायचात. माळ्यावर संसार मांडलेल्या उदमांजरासाठी पिकून काळं पडलेलं केळं. बिबट्याचा पिंजरा दोन खणांचा: मागच्या खणात जाळीपलीकडे शेळी, तिला नखही लागू नये अशी, आणि पुढच्या खणात जमिनीलगत फळी, पाय पडला की खटका सुटून दार खाली. पहिले तीन दिवस दार वर बांधून ठेवायचं, जनावराला सवय होऊ द्यायची. पिंजरा लावेल त्यानंच तो रोज पहाटे जाऊन बघायचा, अंगात ताप असला तरी. आणि फासकीला हात लावायचा नाही. सायकलच्या ब्रेकच्या तारेची फासकी डुकरासाठी लावतात आणि तिच्यात कोण येईल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून डोंगरात दिसेल ती फासकी तुम्ही तोडून आणायचात. एकदा एका फासकीत तुम्हाला नुसता पाय सापडला होता. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. "पिंजऱ्यात चूक झाली तर दार उघडूक येता रे," एवढंच म्हणालात.

धरलेला बिबट्या मी पहिल्यांदा पाहिला तो एका रविवारी सकाळी. पाहिला असं तरी कसं म्हणू? पिंजऱ्यावर ओली गोणपाटं टाकलेली, कारण माणसं दिसली की तो गजांवर डोकं आपटून घेतो. तुम्ही पिंजऱ्याकडे पाठ करून बसलेले, गाडीची वाट बघत. भोवती खात्यातली चार माणसं आणि चाळीतले दहाबारा पुरुष. आतून आवाज येत होता. डरकाळी नव्हे, ओलं लाकूड करवतीनं कापावं तसा तो श्वास, आणि मधूनच गजांवर पंजा. एकदा हलका, दोनदा जोरात, मग शांत. एकदा हलका, दोनदा जोरात. मी आयुष्यभर फळ्यावर लघुगुरूच्या खुणा काढणारा माणूस. हे तर भुजंगप्रयात वृत्त आहे, असं मनात आलं. गोणपाटाच्या कडेखालून काहीतरी पिवळट घरंगळत बाहेर आलं. सुळा होता, मुळापासून तुटलेला. तुम्ही तो उचललात, बोटानं माती उकरून पुरलात आणि पुन्हा पाठ करून बसलात.

मी पुढे झालो आणि गोणपाटाचं टोक उचललं. का, ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी आतून चाल लावून बोलावतंय असं वाटलं, इतकंच. तुम्ही माझ्या हातावर फाडकन मारलंत, सगळ्यांसमोर. "मास्तरा, ह्ये हात खडू धरूकच बरे. हयसर लावू नको." सगळे हसले. कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, "मास्तर, त्याला एक कविता ऐकवा ना यार, बसल्या जागी झोपेल!" पुन्हा हशा. मीही हसलो. त्या चालीतली कविता मात्र पुढे कित्येक दिवस मला वर्गात म्हणता आली नाही. मुलं सुरू करायची आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचो.

संध्याकाळी मी वाद घातला. त्याचं घर आहे ते डोंगर म्हणजे, आपण त्याच्या अंगणात येऊन राहिलोय, वगैरे. तुम्ही भाकरी मोडत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आणि उद्या पोराक नेल्यान तर? तेव्हा काय कविता म्हणतलंस?" थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "माका काय बरा वाटता काय रे?" ते वाक्य मी तेव्हा ऐकलंच नाही. आज लिहिताना ऐकतोय.

पावसाळा सरल्यावर दुसरा आला. चाळीतली तीन कुत्री एकामागून एक गेली. बायका तुम्हाला नळावर अडवायच्या, "अहो पिंजरेवाले, पोरांना काय आता खुंटीला बांधून ठेवू?" ओहोळाच्या पलीकडे तुम्ही पिंजरा लावलात. तीन दिवस दार बांधून ठेवलंत, चौथ्या दिवशी सोडलंत. पहाटे बघून यायचं, शेळीला चरायला घरी आणायचं, संध्याकाळी परत न्यायचं, असा क्रम. दुपारी तिथे कुणी नसायचं. माझी सकाळची शाळा सुटायची आणि त्या वाटेनं यायचं नाही असं तुम्ही बजावलेलं असताना मी त्याच वाटेनं यायचो. पहिल्या दुपारी मी पिंजऱ्यासमोर उभा राहिलो. दोन्ही तळवे डोक्यावरून फिरवले आणि दाराच्या चौकटीला, वरच्या अंगाला, तुमची नजर जाणार नाही अशा जागी, नीट पुसले. आईनं घरी कढवलेलं माक्याचं तेल मी रोज थापून लावायचो. तुम्हाला ते कधी कळलं नाही, कारण आपल्या घरात सगळ्यालाच तो वास होता. आईच्या अंबाड्याला, कंगव्याला, उशांच्या अभ्र्यांना.

दुसऱ्या पहाटे तुम्ही बघून आलात. ठसे पिंजऱ्यापर्यंत आले होते, पिंजऱ्याला एक फेरी होती, आणि परत. तिसऱ्या पहाटे तेच. शेळी आत कोपऱ्यात थरथरत उभी, चारा न खाता. तुम्ही खटका पुन्हा तपासलात, पाला बदललात, मोरीवर जास्त वेळ हात घासलेत. दुपारी मी पुन्हा तेल लावलं. पाचव्या पहाटे तुम्ही मला उठवलंत आणि बोटानं खूण करून मागच्या दारी नेलंत. ठसे पिंजऱ्याभोवतीची फेरी पुरी करून ओहोळ ओलांडून आपल्या वाटेनं आले होते. एकाही दुसऱ्या दाराशी थांबले नव्हते. मोरीच्या ओल्या मातीत, तुमच्या राखेच्या वाटीपासून हातभर अंतरावर, तो बसला होता. पुढचे दोन पंजे, मागचं बूड, शेपटीचा ओढलेला फरकाटा, सगळं स्वच्छ उमटलेलं. बराच वेळ बसला असणार. भिंतीपलीकडे आम्ही झोपलो होतो. तुम्ही पंजा वितीनं मोजलात आणि इतक्या हळू बोललात की मला तुमच्या ओठांकडे बघावं लागलं. "माका वळाखता तो."

आबा, तो तुम्हाला ओळखत नव्हता. मला त्याच क्षणी कळलं होतं. दुपारची माझी वाट आणि त्या ठशांची वाट एकच होती, वळणासकट. वडाच्या मुळावरून मी जिथे उडी मारायचो तिथेच त्यानंही मारली होती. कदाचित नुसता कुत्र्यांमागे आला असेल, कदाचित मी म्हातारपणी जुळवाजुळव करतोय. पण तेव्हा मी काय बोललो? "असेल," म्हणालो.

त्या दिवसापासून ते घासणं. सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर, मध्येच उठून. राख, शेंडी, लिंबाची साल, पुन्हा राख. तळव्यांची सालं निघाली. आई म्हणाली, "अहो, रगात येतासा." तुम्ही म्हणालात, "इतकी वर्सा इतक्यांका धरलंय. वास मुरलोहा." आणि दुपारी शाळा सुटल्यावर मी आणखी तीन वेळा त्या चौकटीला हात पुसला. ठसे तसेच यायचे, फेरी मारायचे, जायचे. नवव्या दिवशी तुम्ही साहेबांकडे जाऊन सांगितलंत की माझ्याच्यानं होणार नाही, दुसरा माणूस द्या. पिंजऱ्यावर दुसरा माणूस आला आणि मी ती वाट सोडली. दुसऱ्याच पहाटे बिबट्या आत होता. चाळ बघायला धावली. तुम्ही गेला नाहीत. मोरीवर बसून होतात, हात मांडीवर उताणे ठेवून, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे.

उरलेली नोकरी तुम्ही रोपवाटिकेत पाणी घालण्यात काढलीत. तेही चाललं असतं. पण त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी हिनं तिला तुमच्यापुढे धरलं आणि तुम्ही दोन पावलं मागे सरलात. "नको गो. हातांका वास येता."

"कसला हो आबा? राखेचा?"

"तां तुका नाय कळाचां."

ती रांगायला लागली, चालायला लागली, तुमच्या धोतराला धरून उभी राहायला लागली. तुम्ही तिच्याशी तासन्‌तास बोलायचात, कोल्ह्याचे आवाज काढून दाखवायचात, आणि हात पाठीमागे बांधून ठेवायचात. एकदा ती पायरीवरून पडली. तुम्ही समोरच होतात. तुमचे दोन्ही खांदे पुढे आले, हात मात्र पाठीमागून सुटले नाहीत, आणि "उचला रे, कोणीतरी उचला तिका," असं तुम्ही ओरडलात. मी दारात उभा होतो. मी तिला उचललं, तुमच्याकडे बघितलं, आणि तेव्हाही बोललो नाही. एक वाक्य होतं ते. 'आबा, तेल मी लावलं होतं.' शाळेत मुलांना मी अख्ख्या कविता पाठ करायला लावायचो आणि मला हे एक वाक्य म्हणता येईना.

तुम्ही गेलात त्या दुपारी तुमच्या उशाशी मी एकटाच होतो. तुमचा हात उचलून मी नाकाशी धरला. तळव्यावरच्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. वास राखेचा होता. थंड राखेचा, बाकी कसलाच नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं, तसा मी अजून शुद्धीत आहे. आणि इतकं लिहूनही मी खरं पूर्ण सांगितलेलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तो तुटलेला सुळा मला बघवला नव्हता, म्हणून मी हे केलं. पहिल्या दोन दुपारी तसंच होतं. पुढच्या दुपारी नव्हतं. तुम्ही पहाटे रिकाम्या हातांनी, खाली मान घालून यायचात, आणि मला आतून बरं वाटायचं. खडू धरायचे हात म्हणाला होतात ना? त्या हातांपुढे तुम्ही हरत होतात, आणि मला ते आवडत होतं. एवढंच, आबा. दया थोडीच होती त्यात.

मध्येच बेल वाजली म्हणून उठलो. सातव्या मजल्यावरचा तरुण आहे, लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नाही. हातात कागद आणि पेन. "काका, एक सही हवी होती. पार्किंगच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसलाय ना, पिंजरा लावा म्हणून सोसायटीतर्फे अर्ज देतोय. माझी मुलगी खाली खेळते हो, झोप लागत नाही मला." मी म्हटलं, "बस जरा. पत्र लिहितोय, तेवढं संपवतो, मग तुला काही सांगायचंय." तो घाईत होता. "कुणाला लिहिताय?" त्यानं सहज विचारलं. "वडलांना," मी म्हटलं. तो माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि उंबऱ्याबाहेर खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.