समोरचा बाक

प्रिय मेरिलदादा,

काल गावसभेत तुमच्या गावची नि आमच्या गावची शाळा एक करायचं ठरलं. विरोधात हात वर करणारी मी एकटीच. शेजारची विनी सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं लोर्ना, वर्गात चार पोरं उरलीत, कसला एवढा ताठा?"

तिला काय सांगू? आई गेल्यापासून तू आमच्या गावात येतोस तो फक्त दोन्ही शाळांच्या बास्केटबॉल सामन्याला. तू तुमच्या बाकावर, मी समोर. आमची पोरं हरली की टोपी उडवून मला चिडवतोस. वर्षभराचं तेवढंच बोलणं.

आता समोरचा बाकच राहणार नाही. नव्या संघाच्या पहिल्या सामन्याला शेजारी कोट ठेवून तुझी जागा धरीन. पण हे पत्र टाकणार नाही. बोलावल्यावर कोणीही येतं.

तुझीच हट्टी,
लोर्ना