बांधावरचा म्हसोबा

डिसेंबर १९७१

आकारामदादा, तुझ्या उनाड धाकट्याचा नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणं सांगलीहून लोखंड कातायची जुनी लेथ आणली. येताना भडंग खात बसलो आणि ट्रक चुकला, ते राहू दे. गोठ्यात ठेवून रॉकेलनं घासली, गंज काढला. एकच भाग नव्हता, कामाचं दुसरं टोक धरणारं मागचं डोकं. विकणारे गंगाधरपंत म्हणाले, "मागं फलटणहून आणताना तुमच्याच गावाजवळ गाडीतनं पडलं. सापडलं तर तुझं."

सापडलं, दादा. ओढ्याच्या बांधावरचा म्हसोबा. बोरं पाडत हिंडत होतो, मागनं बघितलं तर शेंदराखाली लोखंडी हातचाक. आख्खा गाव ज्याच्यापुढं नारळ फोडतो, ते आपल्या लेथचं डोकं निघालं.

कुदळ घेऊन गेलो, तर वैनी त्याच्यावर तेल घालत होती. म्हणाली, "लढाई लागल्यापास्नं रोज घालतीया, भावजी. त्योच त्यास्नी माघारी आणंल." गावाच्या शेंदरानं आन् तिच्या तेलानं चाकाला गंजाचा ठिपका न्हाई बघ.

काल रेडिओवर तुमच्या आघाडीवर जोराची लढाई जुंपल्याची बातमी लागली. म्हसोबा खरा काय हाय ते मला ठाऊक हाय, तरी पळत जाऊन वैनीच्या आधी मीच तेल घातलं. हात जोडले.

हे पत्र टाकत न्हाई, तू हसून वैनीला समदं खरं लिहिशील. लेथ तशीच पडू दे. तू घरी आलास की डोकं काढायचं का ते तूच ठरव. माझ्या हातनं आता निघत न्हाई.

तुझा,
लाला