अटलांटिक सिटीत अंगठी अडकली त्याचं वर्तमान

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २००८

ती. गुरुदादा यांस,

श्रीरंगचा वाकून नमस्कार. तसाच शुभावहिनींना. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलात हे कळलं. डाव्याची घाई करू नका. सध्याच्या दिवसांत एका डोळ्याला दिसतं तेवढं पुष्कळ आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही सगळे प्रकृतीने बरे (नेत्राचा खांदा आणि माझं पित्त सोडून, पण ती आता घरचीच माणसं झाली आहेत). झाडं बोडकी झाली, पाच वाजता अंधार पडतो, आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण मंदीबद्दल बोलतो.

तुमच्या सोसायटीतलं एक कुटुंब अमेरिकेच्या टूरवर निघालंय, त्यात अटलांटिक सिटीचा मुक्काम ठेवावा की गाळावा, असं तुम्ही विचारलंत. गाळावा. एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं, पण आम्ही नुकतेच तिथे जाऊन आलो आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचा अनीश तिथल्या ‘सिल्व्हर डॉल्फिन’ नावाच्या कॅसिनोच्या हॉटेलात दोन वर्षं जादूचे प्रयोग करत होता, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुम्ही मोठेपणाने हे नागपुरात कुणाला सांगितलेलं नाही, त्याबद्दल मी आभारी आहे.) इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मुलगा रुमालातून कबुतर काढतो, ही गोष्ट पचवायला मला वेळ लागत होता. मी औषधांच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. गोळी कपाटात ठेवली तर किती महिन्यांत खराब होते, ते बघणं हे माझं काम. त्यात कबुतराला जागा नाही. म्हणून मी त्याचा प्रयोग कधी पाहिला नव्हता. पण मागच्या महिन्यात त्याने आईला फोन करून सांगितलं की हॉटेल शो बंद करतंय, रविवारचा शेवटचा. नेत्राने फोन ठेवला, कपाटातून जांभळी पैठणी काढली आणि म्हणाली, “तुम्ही येताय की मी एकटी ड्राइव्ह करू?” तिचा खांदा तुम्हाला माहीत आहे. मी गेलो. त्याला कळवायचं नाही असं तिचंच ठरलं.

दादा, तुम्ही एकोणनव्वद साली आला होतात तेव्हा आपण त्या गावी पार्किंगसाठी तासभर फिरलो होतो. आता पाच मजली पार्किंगमध्ये आमची एकटीच गाडी होती. (तरीही परतताना ती सापडेना. रिकाम्या जागेत वस्तू जास्त हरवते.) शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आता जुगाराची यंत्रं घराजवळ आली, पेट्रोल मध्यंतरी भडकलं होतं, आणि ज्यांच्याकडे हरायला काही होतं त्यांनी ते शेअर बाजारात आधीच हरून घेतलंय, मग एवढ्या लांब कोण येतो? समुद्राकाठच्या त्या लाकडी रस्त्यावर दर दोन दुकानांमागे एक बंद. माणसांना बसवून ढकलत नेतात त्या खुर्च्यांचा एक म्हातारा चालक आमच्यामागून बराच वेळ चालत आला. शेवटी म्हणाला, बसा नुसते, मला थंडी वाजतेय, ढकललं की ऊब येते. नेत्रा बसली. मी शेजारून चालत होतो आणि सीगल आमच्याकडे उपाशी नातेवाइकांसारखे बघत होते.

हॉटेलात शिरलो तर काउंटरवरच्या मुलीने साध्या खोलीऐवजी वरच्या मजल्यावरचा सूट दिला, जादा आकार नाही. मला बरं वाटलं. मग कळलं की खालच्या मजल्यांवरची हीटिंग बंद ठेवलीय. कॅसिनोत यंत्रं आपापली गाणी वाजवत होती आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या. तिथे डोलोरेस नावाच्या एका वयस्क बाईंनी नेत्राची पैठणी पाहिली, तिला हात बघणारी समजल्या आणि सरळ तळहात पुढे केला. मला वाटलं, नेत्रा गैरसमज दूर करील. तिने हात हातात घेतला, जरा वेळ पाहिला, आणि गंभीरपणे सांगितलं की तुम्हाला मुलाची काळजी आहे. बाईंचे डोळे भरून आले. “हे तुला कुठे दिसलं?” मी नंतर विचारलं. “हातात नाही दिसलं,” ती म्हणाली. डोलोरेसबाई मग दिवसभर आमच्याबरोबरच राहिल्या.

थिएटर पाचशे माणसांचं. होती दहा-बारा, आम्ही आणि डोलोरेसबाई धरून. एक गृहस्थ झोपले होते, दुसरे त्यांना उठवत नव्हते. पडदा वर गेला आणि काळा कोट घातलेला आमचा मुलगा पुढे आला. आल्या आल्या त्याला आई दिसली (त्या अंधारात ती पैठणी न दिसणं शक्य नव्हतं), मग मी दिसलो. त्याचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. मग त्याने ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

खरं सांगतो, तो चांगलं करतो. त्याचे हात त्याच्या आजोबांसारखे आहेत, लांब बोटांचे. ते मी कधी नीट पाहिले नव्हते. पण थोडेच लोक टाळ्या वाजवतात तेव्हा त्या टाळ्या ऐकवत नाहीत. शेवटी त्याने एका प्रयोगासाठी प्रेक्षकांतून माणूस मागितला. कुणी हात वर करेना. त्याने पुन्हा मागितला, हसत, पण मानेवर घाम दिसत होता. नेत्राने मला कोपर मारलं, बऱ्या खांद्याचं. मी उठलो.

स्टेजवर दिवे डोळ्यांत जातात. अनीशने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या त्या स्टेजच्या इंग्रजीत विचारलं, “सर, आपण आजवर कधी भेटलेलो नाही, बरोबर?” हे जादूगारांना विचारावंच लागतं, म्हणे. तीस वर्षं गोळ्यांबद्दल खरं तेच लिहून दिलेला माणूस मी. तो बघत होता. मी म्हणालो, “नाही. कधीच नाही.” लोकांना काहीच वाटलं नाही. मला मात्र ते लागलं.

प्रयोग असा, की पाहुण्याची अंगठी गायब होते आणि लिंबातून निघते. मी लग्नातली अंगठी काढायला गेलो, ती निघेना. मी ओढली, अनीशने ओढली. त्याने खिशातून हाताला लावायचं क्रीम काढलं, तेही लावलं. बोट फक्त चकाकायला लागलं. खालून नेत्रा मोठ्याने म्हणाली, “अहो, थुंकी लावा थुंकी.” आणि अनीश, वर न बघता, माझ्या बोटाशी झटत, म्हणाला, “बाबा, हात वर धर, ब्लड खाली जाईल.”

दादा, बारा वर्षांचा झाल्यापासून तो मला ‘डॅड’ म्हणतो. मी हात वर धरला. डोलोरेसबाईंना आधी कळलं. त्या उभ्या राहून ओरडल्या की हा त्याचा बाप आहे, आणि झोपलेले गृहस्थसुद्धा उठून हसू लागले. दहा-बारा माणसं पाचशेच्या थिएटरात एवढी हसतील असं मला वाटलं नव्हतं. लिंबू तसंच राहिलं. आम्ही दोघे हात वर करून उभे, एक माझा, एक तो धरून ठेवणारा त्याचा.

नंतर कॉफी शॉपमध्ये बसलो. मी म्हणालो, तुझा प्रयोग मी बिघडवला. तो म्हणाला, “बेस्ट शो ऑफ माय लाइफ, डॅड.” मॅनेजर येऊन त्याच्याकडून ड्रेसिंग रूमची किल्ली घेऊन गेला, अगदी सभ्यपणे. रात्री आम्ही त्याचं सामान गाडीत भरलं आणि त्याला घरी आणलं. सामानात एक ससा निघाला. तो आता गॅरेजमध्ये असतो, असं आपण म्हणायचं. थंडीमुळे नेत्राने तुळस घरात आणली होती, ती त्याने खाल्ली.

तेव्हा शेजाऱ्यांना सांगा, नायगारा बघा. तो अजून वाहतोय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
श्रीरंग

ता. क. : तुमच्या सोसायटीचं स्नेहसंमेलन जानेवारीत असतं ना? त्यात जादूच्या प्रयोगाला अर्धा तास मिळू शकेल का? मानधन नको. तुम्ही आपण होऊन बोलावल्यासारखं अनीशला कळवाल तर बरं. मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. ससा येणार नाही. कबुतराची सोय तिकडे होईल.

ता. क. २ : मीही येईन. रजेचा प्रश्न नाही. परवा शुक्रवारी लॅबने आम्हा नऊ जणांना नारळ दिला. नेत्राला सांगितलं आहे. माझ्याएवढी जुनी गोळी कपाटात ठेवत नाहीत, हे मीच त्यांना इतकी वर्षं लिहून देत होतो, तेव्हा तक्रार नाही.

ता. क. ३ : त्याला मराठीतून बोलायचं आहे आणि तो आत्तापासूनच गॅरेजमध्ये सराव करतोय. ‘गायब’ शब्द त्याच्या तोंडी ‘गरीब’ होतो. “आता मी हा रुमाल गरीब करतो,” असं तो सशाला सांगताना मी दाराआडून ऐकलं. मी सुधारलेलं नाही. तुमच्याकडे कुणी हसलं तर हसू द्या, मध्येच कुणाला दुरुस्त करू देऊ नका.