रिकामं सूप

माय, "माझ्यावानी नको होऊस वो. मी सुस्त बाई आहो," असं तू मला म्हणाली होतीस, त्याला आता खूप वर्षं झाली. मी तेव्हा नववीत असेन. धानाच्या रोवणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात उभी राहून तू घरी आली होतीस आणि चुलीपुढे पाय पसरून बसली होतीस. टाचांच्या भेगांमध्ये चिखल बसला होता, तो मी कोमट पाणी घालून काढत होते. तू रागावून बोलली नव्हतीस, रडतही नव्हतीस. घरातलं मीठ संपलं आहे हे सांगावं तसं सांगितलंस. म्हणूनच ते मनात इतकं पक्कं बसलं असावं. रागातलं बोलणं माणूस रागातलं म्हणून सोडून देतो. हे मी सोडलं नाही. ते मी खरं मानलं, आधी तुझ्याबद्दल आणि पुढे माझ्याबद्दलही.

त्या दिवशी धानाच्या बांधीत काय झालं ते मी पाहिलं होतं. रविवार होता, शाळा नव्हती, म्हणून शिदोरी घेऊन मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर आले होते. तुम्ही सगळ्या बाया ओळीनं वाकून रोवत होतात. रोवणाऱ्या बाईला पुढे चालता येत नाही, चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोवत उलट्या पावलांनी मागे यावं लागतं, आणि जिच्या हाताला वेग नाही ती आत तशीच राहून जाते. तू राहिली होतीस. बाकीच्या आपापली पात पुरी करून धुऱ्याला लागल्या होत्या आणि तू बांधीच्या मधोमध उभी. डावीकडे रोवलेलं, उजवीकडे रोवलेलं, आणि तुझ्या मागे तेवढा गढूळ पाण्याचा एक पट्टा. तुझी थोरली जाऊ, आमची मोठीमाय, धुऱ्यावरून ओरडली, "काऊन वो, तिथंच घर बांधून राहिली का?" दुसरी कोणी म्हणाली, "बांधू दे न. भाताची वेळ झाली का पाह्य कशी पळत येते." सगळ्या हसल्या. तूही हसलीस, कमरेवर हात ठेवून, आणि पुन्हा वाकलीस.

मग जेवायला बसलात. मोठीमाय बांबूच्या काडीसारखी, पण तिच्या ताटात भाताचा डोंगर. तू तुझ्यातला अर्धा काढून परत गंजात टाकलास. "भूक नाही," म्हणालीस. हे रोजचंच होतं. घरात सगळ्यांच्या शेवटी बसायचीस, सगळ्यांपेक्षा कमी घ्यायचीस आणि तरी दर सालाला तुझं पोलकं दंडात रुतायचं. ती दोन ताटं आम्ही रोज शेजारी शेजारी पाहत होतो, आणि तरी घरात कोणी तुझ्या लठ्ठपणाचं खापर भाताशिवाय दुसऱ्या कशावर फोडलं नाही.

आता मला तुझं सगळं वेगळं आठवतं. भर उन्हाळ्यात, गोंदियाचं ऊन डोक्यात शिरायचं, लोक अंगणात पाणी शिंपून उघड्या अंगानं पडायचे, तेव्हा तू सकाळी दुपट्टा गुंडाळून चुलीजवळ सरकायचीस. बाबा म्हणायचे, "बुढीले आतापासूनच हीव भरते." तू चाळिशीतही आली नव्हतीस. रोवणीत पहिलं गाणं तू उचलायचीस, मग तुझा आवाज घोगरा झाला आणि मोठीमायनं "आमच्यात हा गडी कोण आला वो" अशी थट्टा केली. त्यानंतर तू मागून नुसती गुणगुणायला लागलीस, मग तेही थांबलं. तुझ्या भुवयांची बाहेरची टोकं पुसली गेली होती. कुंकू लावताना तू आरशात पाहायचीस आणि मी तुझ्या मागून पाहायची, पण मला वाटायचं वय झालं की बायांचं असंच होतं.

आणि ते सूप. दुपारी तू छपरीत भिंतीला टेकून बसायचीस आणि बसल्याजागी डोळे मिटायचे. अंगणाच्या कवाडीची कडी वाजली, मोठीमायचं खाकरणं ऐकू आलं, की तू दचकून शेजारचं सूप उचलायचीस आणि पाखडायला लागायचीस. खर्र खर्र. मोठीमाय यायची, बसायची, "अजून तांदूळ झाले नाहीत का तुझे?" म्हणायची. एकदा मी तुझ्या मांडीशी बसले होते. सुपात काही नव्हतं. एक दाणाही नव्हता. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि पाखडत राहिलीस. मला हसू आलं नाही. का आलं नाही, ते तेव्हा कळलं नव्हतं.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तू गेलीस. सकाळी उठलीच नाहीस. दारात बाया जमल्या होत्या, त्यांच्यात एकजण हळू आवाजात म्हणाली, "झोपेचीच होती, झोपेतच गेली." तिनं वाईट मनानं म्हटलं नसेल. कदाचित चांगलं मरण आलं असंच म्हणायचं असेल. पण मी ते ऐकलं आणि तुझं वाक्य माझ्यात अजून खोल गेलं.

मी गोंदियात शिवणकाम करते हे तुला माहीत आहे. बाजारापासून जवळच, रस्त्याकडच्या खोलीत मशीन आहे. चाळिशीच्या अलीकडे पलीकडे माझं अंग भरायला लागलं. दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचं माप लपवता येत नाही. आधी शिलाईत ठेवलेली माया उसवून ब्लाउज सैल केले, मग माया संपली तेव्हा काखेत जोड लावले. मशीनवर बसल्याबसल्या झोप यायची. केस न्हाणीच्या जाळीत गोळा व्हायचे. गिऱ्हाईक बाया म्हणायच्या, "भाभी, बैठे काम में ऐसा ही होता है." मी मान हलवायची. मनात मला उत्तर माहीत होतं. मी तुझी लेक होते, सुस्त होते, आणि तू सांगूनही तुझ्यासारखी झाले होते.

मग मी तेच केलं जे तू करायचीस. उपवास. तू गुरुवार धरायचीस, चतुर्थी धरायचीस, अंग हलकं होईल म्हणायचीस. मी त्यात शनिवार घातला, एकादशी घातली. भात सोडला. आपल्याकडच्या माणसानं भात सोडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, "तू आजारी आहेस का रागावलीस, तेवढं सांग." वजन तसूभर हललं नाही. पाळी फार जायला लागली, जिना चढताना भिंत धरावी लागायला लागली, तेव्हा त्यानं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी हातानं गळा चाचपला, रक्त काढायला लावलं, आणि दुसऱ्या खेपेला सांगितलं की गळ्यात सगळ्यांनाच असते ती थायरॉईड नावाची गाठ माझ्यात कमी काम करते आहे. माय, मी पहिल्यांदा ते चुकीचंच घेतलं. मला वाटलं, माझ्यात तेवढीही गाठ आळशीच निघाली.

रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर एक गोळी, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. सोपं होतं. पण महिने गेले आणि रक्ताचे आकडे खाली येईनात. डॉक्टरबाई गोळी वाढवायच्या, पुन्हा तपासायच्या, पुन्हा कपाळाला आठ्या. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सच बताइए, रोज़ लेती हैं?" मी म्हटलं, रोज घेते, फक्त उपवासाच्या दिवशी नाही. उपवासाला आंघोळ-पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, ही तुझीच रीत. पूजा झाली की उपासाचा चहा. चहा पोटात गेला की गोळीची वेळ गेली. मग आजचा दिवस राहू दे. बारीक होण्यासाठी मी जितके उपवास वाढवले, तितक्या गोळ्या पाकिटातच राहिल्या. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या, पण माझ्यावर हसल्या नाहीत. "आप व्रत रखिए," त्या म्हणाल्या, "गोली का व्रत मत रखिए."

मी घरी येऊन देवापुढे बसले आणि तुझीच परवानगी मागितली. तू दिली नाहीस असं वाटलं. तरी पुढच्या गुरुवारी उठल्याबरोबर, तोंड धुऊन, पारोशीच गोळी घेतली. काही झालं नाही. नंतर शनिवार सोडला, एकादशी सोडली, एक गुरुवार ठेवला आणि त्यातही साबुदाण्याला हात आखडता घेतला. नवरा रोज सकाळी घड्याळाकडे बघत बसतो. "माझी गाठ चांगली आहे न? मग माझा चहा काऊन अडकवून ठेवला?" तरी तोही थांबतो, माझ्याबरोबरच पितो. संध्याकाळी आम्ही तळ्याकडे चालून येतो. भात मी पुन्हा खाते, एक वाटी, बाजूला भाजी जास्त. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की गोळीनं सगळं वजन उतरणार नाही, थोडं उतरेल, बाकीचं चालण्यानं आणि ताटानं, आणि हळूच. हळूच उतरतं आहे. कधी महिनाभर काटा जागचा हलत नाही. पण काखेतले जोड मी काढून टाकले. मुख्य म्हणजे सकाळी जाग येते तेव्हा आपण जागे आहोत असं वाटतं. इतकी वर्षं मला ते कसं असतं तेच आठवत नव्हतं.

एकदा मी बाईंना तुझ्याबद्दल विचारलं. दुपट्टा, आवाज, भुवया, टाचा, सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "हो सकता है," म्हणाल्या. "पर बिना जाँच के मैं कैसे बोल दूँ?" खरंच आहे. तुझं रक्त कोणी काढलं नाही. आता कोणीच कधी पक्कं सांगू शकणार नाही.

मागच्या महिन्यात गावाला गेले होते. मोठीमाय आहे अजून. छपरीतल्या बाजेवर बसून असते, डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला दारातच ओळखलं. दंड चाचपून म्हणाली, "बारीक झालीस वो. आता काम करून राहिली वाटते." मी तिच्याजवळ बसले आणि गोळीचं सांगितलं. मग तुझं सांगितलं. डॉक्टरबाईंसारखंच, असेल किंवा नसेल असं. तिनं कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, "शेवटच्या सालांत तुझ्या मायची पात मीच पुरी करत होती. बोलत होती तिले, आणि पातही पुरी करत होती." मला हे माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का? तुझ्या पाठीमागचा तो गढूळ पट्टा कोणी भरला, हे तू वळून पाहिलंस का कधी?

"तवा होती का हे गोळी?" तिनं विचारलं.

"होती, मोठीमाय."

"मंग आमाले काऊन नाही सांगितलं कोणी?"

मग ती म्हणाली, "सुस्त म्हणून म्हणून मारलं आम्ही तिले." मी म्हटलं, असं नको म्हणू. पण तिला ते म्हणायचं होतं. निघताना तिनं तांदळाची पुरचुंडी दिली आणि लगेच हात मागे घेतला, "का भात बंद आहे तुले?" मी म्हटलं, नाही, आण इकडे.

हे सगळं मी तुला लिहून ठेवते आहे, पाठवायला तर कुठलं गाव नाही. मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली राहील. मोठीमायनं तिचा सुस्त हा शब्द परत घेतला. माझ्या मनातून मात्र तो जात नाही, कारण मला तो तिनं दिला नव्हता, तू दिला होतास. एक सांगायचं राहिलं. अजूनही एखाद्या दुपारी अंग जड होतं आणि मी मशीनवर हात ठेवून नुसती बसते. अशात दाराशी चपला वाजल्या की पाय आपोआप पायट्यावर जातो आणि मी मशीन चालवते. सुईत दोरा नसतो. खाली कापड नसतं.

उद्या दुपारी अशी बसले, तर कोणी आलं तरी पाय हलवायचा नाही असं ठरवते आहे. मला एकटीला ते जमणार नाही. तू म्हणशील, "कायले? लोक काय म्हणतील?" आणि कवाडीकडे कान लावून तशीच पाखडत बसशील, मला माहीत आहे. तरी मागते. ते सूप खाली ठेव, माय.