नसलेल्या झाडाला मिठी

गनशंगची आई,

हे अक्षर दिसलं म्हणजे मीच समोर बसलोय असं समज. मी ठणठणीत आहे. जेवण बरं असतं, फक्त व्हिनेगर अगदी पाणी. आपल्या गावात असलं कुणी नाकाजवळही नेणार नाही.

खाणीत मोडलेल्या डाव्या खांद्यावर इलाज करायला मला इथे समुद्रकाठच्या आरोग्यधामात धाडलं आणि इलाज काय, तर ची-गाँग! सकाळी गार वाऱ्यात गुडघे वाकवून उभं राहायचं आणि समोर नसलेल्या झाडाला मिठी मारायची. अंगणात खरी झाडं चिक्कार आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही! म्हणे श्वास बेंबीखाली उतरला की हात आपोआप हलके होतात. माझे तर शिशाचे होतात.

शिकवणारी ह्वोबाई रोज माझ्यावरच खेकसायची, "छ्याओदादा, हात खांद्याइतके वर! झाड आहे की झुडूप?"

शेवटी वैतागून म्हणालो, "झाडबिड नाही, बायको आहे. तिची उंचीच एवढी!" माझ्यासोबत इलाजाला आलेले सगळे म्हातारे खो खो हसले. तेव्हापासून बाई दुसऱ्यांवर खेकसते.

तुझा खोकला कसा आहे? कोबी खारवायला घातलास का? त्यावरचा दगड एकटीने उचलू नकोस, गनशंगला हाक मार.

काल डावा हात खरंच खांद्यापर्यंत गेला. ह्वोबाईने टाळ्या वाजवल्या. मी तो हळूच परत खाली आणला. तिथे वर कुणीच नव्हतं.

तुझाच वैतागलेला,
गनशंगचा बाप